माळ्यावरच्या बर्थाची पूर्वकथा : ‘जेन एअर’ आणि ‘वाइड सारगॅसो सी’ शेजारी ठेवून कशा वाचाव्यात

शार्लट ब्रॉण्टेची ‘जेन एअर’ 1847 साली प्रसिद्ध झाली. त्या कादंबरीतल्या थॉर्नफील्ड हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई कोंडून ठेवलेली आहे. ती रात्री हसते, चावते, आग लावते आणि शेवटी जळत्या घराच्या गच्चीवरून उडी टाकते. तिचं नाव बर्था मेसन, घराचा मालक रॉचेस्टर याची बायको; तिला लपवून ठेवून तो घरातल्या शिक्षिकेशी, म्हणजे जेनशी, लग्न करायला निघतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भयकथांमधली ही सर्वांत प्रसिद्ध ‘वेडी बाई’. पुढे 119 वर्षांनी, 1966 मध्ये, जीन रीसने ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून त्या बाईला बालपण दिलं, आई दिली, घर दिलं आणि तिचं स्वतःचं बोलणं दिलं. रीस कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर 1890 मध्ये जन्मलेली, मळेवाल्या गोऱ्या घराण्यातल्या आईची मुलगी. सोळाव्या वर्षी ती इंग्लंडला आली. आपल्याकडच्या बेटांवरची बाई इंग्रजी कादंबरीत अशी का दिसते, हा प्रश्न तिला आतून पडला होता.

दुसरी कादंबरी म्हणजे पहिलीवरचा निकाल, असं समजून अनेक जण वाचतात. रॉचेस्टर दोषी, बर्था निर्दोष, पुस्तक बंद. माझं मत असं की अशा वाचनात दोन्ही पुस्तकं हातची जातात. रीसने वकिली केलेली नाही. कुणाबद्दलचं सत्य कुणाच्या तोंडून आपल्यापर्यंत येतं, हा तिच्या कादंबरीचा गाभा आहे. म्हणून संपूर्ण वाचनात एकच प्रश्न हातात धरा : हे कोण सांगतंय, आणि त्याला ते कुठून कळलं? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नावर उभ्या आहेत. दोन्ही कथांचे शेवट पुढे उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

पहिली पायरी : आधी जुनं पुस्तक, आणि पूर्ण

रीसची कादंबरी लहान आहे, दीड-दोनशे पानांची. त्यामुळे तीच आधी उरकण्याचा मोह होतो. तो आवरा. रीस गृहीत धरते की वाचकाला थॉर्नफील्डची आग माहीत आहे. ते माहीत नसेल तर तिच्या शेवटच्या पानांतली धग लागणारच नाही.

‘जेन एअर’ 38 प्रकरणांची आहे. कॉपीराइट केव्हाच संपल्यामुळे इंटरनेटवर ती कायदेशीररीत्या फुकट मिळते. रोज दोन प्रकरणं वाचली तर तीन आठवड्यांच्या आत संपते. वेळ फारच कमी असेल तर 11 ते 27 आणि 36, 37 एवढी प्रकरणं तरी वाचा. पण पहिली दहा सोडली की जेनचं पोरकेपण सुटतं. मामीने तिला लाल खोलीत कोंडलं तेव्हाचा तिचा संताप लक्षात राहायला हवा, कारण कोंडलेली स्त्री या कादंबरीत एकच नाही. रीसच्या पुस्तकावर मात्र अजून कॉपीराइट आहे. ते विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा, आणि जमल्यास टिपा असलेली आवृत्ती घ्या. कॅरिबियन बेटांवरचे शब्द, फ्रेंच वळणाची बोली आणि झाडापानांची नावं यांपाशी टिपांचा मोठा आधार होतो.

दुसरी पायरी : बर्थाची नोंदवही

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. एका वहीत चार रकाने आखा : प्रकरण, काय घडलं, कोण सांगतं, आणि सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलं का. मग ‘जेन एअर’ वाचताना बर्था जिथे जिथे येते तिथे नोंद करत जा.

11व्या प्रकरणात फक्त हसणं ऐकू येतं, आणि ते ग्रेस पूल नावाच्या नोकराणीचं आहे असं जेनला सांगितलं जातं. 15व्यात रॉचेस्टरच्या पलंगाला आग लागते. 20व्यात बर्थाचा भाऊ रिचर्ड मेसन जखमी होतो. 25व्यात जेनच्या लग्नाच्या थोडं आधी, एका रात्री, एक आकृती जेनच्या खोलीत येते आणि तिचा लग्नाचा बुरखा फाडते. 26व्यात लग्न मोडतं, रॉचेस्टर सगळ्यांना वर नेतो आणि जेन बर्थाला पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहते. त्या वर्णनातली सर्वनामं नीट बघा. समोरचा प्राणी माणूस आहे की जनावर, हे क्षणभर कळत नाही असं जेन म्हणते, आणि तिच्यासाठी ‘ती’ऐवजी ‘ते’ वापरते. 27व्या प्रकरणात रॉचेस्टर आपल्या लग्नाची सगळी हकीकत सांगतो. 36व्यात आगीची आणि मृत्यूची हकीकत एक खानावळवाला सांगतो.

रकाने भरले की चित्र स्पष्ट होतं. उडी खानावळवाल्याने खाली उभं राहून स्वतः पाहिलेली आहे. जेनने तिला दोन-तीनदाच पाहिलंय, तेही काही क्षण. बाकी जे काही आहे, म्हणजे तिचं कूळ, तिचा स्वभाव, तिची आई, तिचं व्यसन, तिचं वेड, ते जवळजवळ सगळं 27व्या प्रकरणातून येतं, आणि त्या वेळी रॉचेस्टर जेनने आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने बोलतोय. डॉक्टरांनी तिला वेडी ठरवलं असं तो सांगतो, पण त्यांतला एकही डॉक्टर कादंबरीत येऊन बोलत नाही. आणि खुद्द बर्था? 20व्या प्रकरणात रक्तबंबाळ मेसन सांगतो की माझं काळीज शोषून घेईन असं ती म्हणाली. तिच्या बोलण्याची आपल्यापर्यंत पोचलेली मुद्दाम टिपून ठेवावी अशी जागा एवढीच, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. आगीच्या रात्री ती गच्चीवर मैलभर ऐकू जाईल असं ओरडत होती, पण काय ओरडत होती ते कुणी सांगत नाही. रीसची कादंबरी नेमकी याच रिकाम्या जागेत उभी राहते.

यावरून रॉचेस्टर खोटं बोलतोय असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. आपल्याजवळ साक्ष एकाच माणसाची आहे, एवढंच वहीतून सिद्ध होतं.

तिसरी पायरी : काळ जुळवून बघा

‘जेन एअर’मध्ये वर्ष स्पष्ट दिलेलं नाही. पण 32व्या प्रकरणात जेनला एक ताजं काव्य भेट मिळतं, ते वॉल्टर स्कॉटचं ‘मार्मियन’, 1808 मध्ये आलेलं. 26व्या प्रकरणात वकील वाचून दाखवतो त्या कागदानुसार रॉचेस्टरचं लग्न पंधरा वर्षांपूर्वी जमैकातल्या स्पॅनिश टाउनमध्ये झालं. दोन्ही धागे जुळवले तर ते लग्न 1790च्या दशकात पडतं, म्हणजे जमैकात गुलामगिरी जोरात असताना.

रीसने हा काळ सुमारे चाळीस वर्षं पुढे ढकलला. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवणारा कायदा 1833 मध्ये झाला आणि 1 ऑगस्ट 1834 पासून लागू झाला. त्यानंतरही 1838 पर्यंत मुक्त झालेल्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. सरकारने 2 कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. राबलेल्यांना काही नाही. रीसची कथा सुरू होते तेव्हा मळेवाले याच भरपाईची वाट बघत कंगाल झालेले आहेत. पुढे नायिका कॉन्व्हेंटमध्ये भरतकाम करताना नावाखाली 1839 हे साल टाकते. त्या पानावर खूण करा, सगळा काळ तिथून मोजता येतो.

या बदलामुळे सगळंच बदलतं. ब्रॉण्टेच्या हिशेबाने बर्था सत्तेतल्या वर्गाची मुलगी ठरते. रीसची अँत्वानेत (तिच्या पुस्तकात बर्थाचं नाव हेच) सत्ता गमावलेल्या वर्गाची आहे. काळे शेजारी तिला गोरं झुरळ म्हणतात आणि इंग्लंडहून आलेले गोरे तिला आपल्यातली मानत नाहीत. तिची आई ॲनेट फ्रेंच अमलाखालच्या मार्टिनिकची, त्यामुळे जमैकातल्या गोऱ्या बायकांनाही ती नकोशी. इथे ‘क्रिओल’ म्हणजे वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेली गोरी व्यक्ती, एवढं ध्यानात ठेवलं की वाचताना गोंधळ होत नाही.

चौथी पायरी : पैसा आणि कायदा

दोन्ही पुस्तकांत एकच आकडा आहे : 30,000 पौंड. ‘जेन एअर’मध्ये थोरल्या भावाला सगळी जमीन मिळावी म्हणून वडील धाकट्या रॉचेस्टरसाठी ही रक्कम आणणारी मुलगी शोधतात. रीसच्या पुस्तकात नवरा वडिलांना उद्देशून मनात पत्र रचतो आणि त्यात सांगतो की पैसे कुठल्याही अटीविना हाती आले.

ही अट महत्त्वाची का? त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा होई. विवाहित स्त्रियांना आपली मालमत्ता स्वतःकडे ठेवण्याचा व्यापक हक्क 1882च्या कायद्याने मिळाला. त्याआधी एकच वाट होती : लग्नापूर्वी वकिलाकडून करारनामा करून मुलीचा वाटा बांधून घेणं. रीसच्या कादंबरीत आंट कोरा यासाठीच अँत्वानेतचा सावत्र भाऊ रिचर्ड याच्याशी भांडते. तो ऐकत नाही. शेवटी ती आपल्या अंगठ्या अँत्वानेतच्या हातात देते, नवऱ्याला दाखवू नकोस म्हणते. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी गलबलून येतं, कारण म्हातारीला पुढचं सगळं दिसतंय आणि तिच्याजवळ द्यायला तेवढंच उरलंय.

घटस्फोटाचीही तीच गत. 1857 पर्यंत इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि जोडीदाराचं वेड हे घटस्फोटाचं कारण 1937च्या कायद्यापर्यंत मानलंच गेलं नाही. म्हणजे रॉचेस्टर अडकलेला होता हे खरं. मात्र त्याच्याजवळ पैसा, घर आणि युरोपभर फिरण्याची मोकळीक होती. बर्थाजवळ काहीच नव्हतं.

पाचवी पायरी : रीसच्या पुस्तकात आवाज कुठे बदलतो ते रंगवा

‘वाइड सारगॅसो सी’ तीन भागांत आहे. वाचताना दोन-तीन रंगांच्या पेन्सिली जवळ ठेवा आणि ‘मी’ म्हणजे कोण, ते समासात खुणेने दाखवा. पहिला भाग अँत्वानेतचा. दुसरा मुख्यतः नवऱ्याचा; पण मध्येच ती क्रिस्टोफीनकडे, म्हणजे तिला लहानपणापासून सांभाळणाऱ्या काळ्या दाईकडे, मदत मागायला जाते तेव्हा काही पानं पुन्हा तिची होतात, कुठलीही सूचना न देता. पुष्कळ वाचक इथेच अडखळतात. तिसऱ्या भागाची सुरुवात ग्रेस पूलच्या हकीकतीने होते आणि मग अँत्वानेत बोलते. नवऱ्याचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही. चर्चा करताना आपण सहज ‘रॉचेस्टर’ म्हणतो, पण वाचताना निदान पहिल्यांदा तरी त्याला बिननावाचाच राहू द्या.

दुसऱ्या भागात नवऱ्याच्या वाक्यांवर जास्त लक्ष ठेवा. तो दुष्ट म्हणून येत नाही. तापातून उठलेला, परक्या बेटावर गोंधळलेला, वडिलांकडून वापरला गेलेला तरुण आहे तो. भोवतीचे रंग, डोंगर, फुलं सगळं त्याला अति वाटतं. मधुचंद्राला जाताना वाटेत लागणाऱ्या गावाचं नाव मॅसाकर, म्हणजे कत्तल. कत्तल कुणाची झाली होती, असं तो विचारतो. आता कुणाला आठवत नाही, असं उत्तर मिळतं. हे गाव डॉमिनिकात खरोखर आहे, आणि सतराव्या शतकात तिथे मूळ कॅरिब लोकांची कत्तल झाली होती.

मग स्वतःला अँत्वानेतचा सावत्र भाऊ म्हणवणाऱ्या डॅनियल कॉसवेचं पत्र येतं. ॲनेट वेडी होती, हे वेड वंशात आहे, वगैरे. इथे वहीतलं 27वं प्रकरण उघडा. रॉचेस्टरने जेनला जे ठाम सत्य म्हणून सांगितलं, तेच इथे एक दुखावलेला माणूस कागदावर लिहून पाठवतोय, आणि नंतर गप्प राहण्यासाठी 500 पौंड मागतोय. ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती कशी होते, ते रीसने या एका पत्रातून दाखवलं आहे. पत्रानंतर नवरा अँत्वानेतला ‘बर्था’ म्हणू लागतो. ते माझं नाव नाही, असं ती सांगते. नाव बदलून तू मला दुसरीच कुणी बनवतोयस, हीही करणीच, असं म्हणते.

सहावी पायरी : काय पाळलं, काय मोडलं

आता दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून तपशील ताडून बघा. रीसने जपलेल्या गोष्टी : स्पॅनिश टाउन, पैशाचा आकडा, वेडी ठरलेली आई, मंद धाकटा भाऊ, ग्रेस पूल, आग. अँत्वानेत हे नावही तिने शोधलेलं नाही. वकिलाच्या कागदात वधूचं पूर्ण नाव बर्था अँत्वानेता मेसन असं आहे. रीसने मधलं नाव उचललं आणि त्यालाच खरं केलं.

मोडलेल्या गोष्टीही बऱ्याच आहेत. ‘जेन एअर’मध्ये मेसन तिचा सख्खा बाप आहे, इथे तो सावत्र बाप, आणि रिचर्ड सावत्र भाऊ. तिथे बर्था रॉचेस्टरपेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि वय लपवलेलं. इथे ती कॉन्व्हेंटमधून नुकती बाहेर पडलेली पोर. अशी यादी केली की कळतं, रीस जुन्या पुस्तकातले पुरावे जसेच्या तसे भरत बसली नाही.

आता ज्या प्रसंगावर मी सर्वांत जास्त वेळ थांबते, तो. ‘जेन एअर’च्या 20व्या प्रकरणात बर्था भावाला चावते आणि सुरी मारते, तेव्हा जेन खालच्या मजल्यावर आपल्या खोलीत आहे. आपल्याला फक्त किंकाळी, धडपड आणि नंतर रक्त. मधली मिनिटं कुणीच सांगत नाही. रीस तिसऱ्या भागात तीच मिनिटं ग्रेस पूलकडून सांगवते. ग्रेस अँत्वानेतला आदल्या रात्रीची गोष्ट सांगते : तुझा भाऊ आला होता, तू शांत राहशील असं मी म्हटलं होतं, पण तुझ्या नवऱ्याच्या नि तुझ्या मध्ये मी कायद्याने पडू शकत नाही, असं तो म्हणाला, आणि ‘कायद्याने’ या शब्दावर तू त्याच्या अंगावर धावलीस. चौथ्या पायरीत केलेला सगळा हिशेब या एका शब्दात येऊन बसतो. आंट कोराने ज्या करारनाम्यासाठी भांडण केलं, तो याच माणसाने टाळला होता. अँत्वानेतला स्वतःला तर ही रात्र आठवतही नाही. दोन्ही प्रसंग एकाच बैठकीत, लागोपाठ वाचा. जुन्यातला एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदललेला दिसेल.

सातवी पायरी : कडेला उभा असलेला भारत

मराठी वाचकाने ही पायरी सोडू नये. ‘जेन एअर’मध्ये सेंट जॉन रिव्हर्स मिशनरी म्हणून हिंदुस्थानात निघालेला आहे. 34व्या प्रकरणात तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि बायको म्हणून सोबत चल असा तगादा धरतो. कादंबरीची अखेरची वाक्यं जेन-रॉचेस्टरच्या संसारावर नाहीत, हिंदुस्थानात मरणाची वाट बघणाऱ्या या सेंट जॉनवर आहेत.

रीसच्या पुस्तकात मेसन जेवणाच्या टेबलावर बोलून जातो की इथले लोक काम करत नाहीत, ईस्ट इंडीजमधून कुली आणवावेत. मायरा ही नोकराणी ते ऐकत उभी आहे. त्यानंतर लवकरच कुलिब्री मळ्यावरचं अँत्वानेतचं घर पेटतं. रीस कारण बोट ठेवून सांगत नाही, पण क्रम बघा. प्रत्यक्षात भारतीय करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला 1845 मध्ये लागलं. मुक्त झालेल्यांच्या मजुरीचा भाव पाडण्यासाठी ज्यांना नेलं, ती आपल्याकडचीच माणसं होती. ही एक ओळ घाईत निसटून जाते.

आठवी पायरी : दोन आगी आणि शेवट

कुलिब्रीची आग आणि थॉर्नफील्डची आग समोरासमोर मांडा. पहिल्या आगीत पंख कापलेला पोपट पेटत्या अंगाने खाली पडतो, आणि लहानपणीची मैत्रीण टिया अँत्वानेतला दगड मारते. शेवटच्या स्वप्नात या दोन्ही गोष्टी परत येतात : गच्चीवर उभी असताना खाली कुलिब्रीचा डोह आणि टिया दिसते, मागून एक पुरुषाचा आवाज ‘बर्था!’ अशी हाक मारतो. 36व्या प्रकरणातला खानावळवाला हीच हाक ऐकतो. रीसची कादंबरी अँत्वानेत मेणबत्ती घेऊन खोलीबाहेर पडते तिथे थांबते, स्वप्नाबाहेरची खरी उडी दाखवत नाही. उडी ब्रॉण्टेने आधीच लिहिली आहे.

नववी पायरी : टीका सर्वांत शेवटी

समीक्षा आधी वाचली की आपली वही कोरी राहते. दोन्ही पुस्तकं संपल्यावर मात्र दोन गोष्टी जरूर मिळवा. एक, ब्रॉण्टेने 4 जानेवारी 1848 रोजी आपल्या प्रकाशनसंस्थेतल्या डब्ल्यू. एस. विल्यम्स यांना लिहिलेलं पत्र. बर्थाबद्दल वाचकाला खोल करुणा वाटायला हवी होती, पण आपल्या हातून भीतीलाच जास्त जागा मिळाली, हे तिने पुस्तक आल्यावर अडीच-तीन महिन्यांत कबूल केलं आहे. ब्रॉण्टेला खलनायिका ठरवणाऱ्याने हे पत्र वाचलेलं असावं.

दुसरी, गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा 1985चा तीन स्त्रियांच्या संहितांवरचा लेख. तो कठीण आहे, दोनदा वाचावा लागतो. जेनला ‘व्यक्ती’ होता यावं म्हणून बर्थाचा बळी कसा जातो, हे त्या मांडतात. पण त्या रीसच्या पुस्तकालाही सोडत नाहीत, क्रिस्टोफीनकडे बोट दाखवतात. नवऱ्याला तोंडावर खरं सुनावणारी, त्याच्या पैशाच्या हिशेबाला उत्तर देणारी ही काळी बाई, आपल्याला लिहितावाचता येत नाही पण इतर गोष्टी येतात, असं म्हणून मागे न बघता निघून जाते आणि पुन्हा कथेत येत नाही.

म्हणून चार रकान्यांची तीच वही आता रीससाठी उघडा. नवं पान घ्या आणि क्रिस्टोफीन, टिया आणि नोकराणी आमेली यांच्या नोंदी करा. ‘मी’ म्हणून बोलायला रीसने तिघांना लावलं : अँत्वानेत, तिचा नवरा आणि ग्रेस पूल. तिघेही गोरे. टियाने दगड का मारला, हे टियाकडून आपल्याला कधीच कळत नाही. ते अँत्वानेत सांगते, आणि दगड तिला लागलेला आहे. वाचनगटात वाचत असाल तर शेवटची बैठक या पानासाठी राखून ठेवा, आणि प्रत्येकाने एकेक प्रसंग निवडून तो या तिघींपैकी कुणाला कसा दिसला असेल, हे पुस्तकातले पुरावे दाखवत सांगावं.